वाळूतला अर्धा तास

बारामती
१ जून १९९७

प्रिय सिद्धू,

अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढतोय. तुला जोडाक्षरं वाचताना अजून थांबावं लागतं हे मला माहीत आहे, आणि हे पत्र तू दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावंस असं मला वाटत नाही. तुझ्या समर्थकडूनही नाही. एकटा बस, सावकाश वाच. मध्येच फेकून द्यावंसं वाटेल. तसं वाटलं तर फेकून दे, पण पुन्हा उचल आणि शेवटपर्यंत ये, एवढी विनंती आहे.

तू एप्रिलमध्ये आला होतास. बाजरीचं पोतं ओट्यावर ठेवून बाहेरूनच हाक मारलीस, "मास्तर हायसा का?" मी आतच होतो. श्यामला स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, भाऊजी आलेत. तरी मी पाच-सात मिनिटं वह्या तपासत असल्यासारखा बसून राहिलो. तुझ्या लक्षात आलं असेल, दर वेळी असंच होतं. इथल्या शाळेत मला सगळे सर म्हणतात. मास्तर म्हणणारा तू एकटा उरलास. तुझ्या तोंडून तो शब्द आला की मला तुझा आवाज ऐकू येत नाही, दुसराच येतो, आणि तो विरेपर्यंत मला उठता येत नाही. तू चहा पिता पिता म्हणालास की यंदा धरणाचं पाणी लवकर उतरलंय, जुन्या वस्तीतल्या आपल्या घराचं जोतं उघडं पडलंय, उंबऱ्याचा दगडसुद्धा दिसतोय. चला एकदा, आईच्या नावानं दिवा लावून येऊ. दर उन्हाळ्यात तू हे म्हणतोस आणि दर उन्हाळ्यात माझं काहीतरी निघतं. कधी पेपर तपासायचे असतात, कधी आमच्या इराला बरं नसतं. या वेळी मी सांगितलं की आम्ही राजस्थानला चाललोय. ते तेव्हा ठरलेलंही नव्हतं. तू गेल्यावर संध्याकाळी मी जाऊन नावं नोंदवली.

श्यामला बरेच दिवस मागे लागली होती. गेल्या दोन वर्षांत माझे गुडघे धरलेत, खांदे आखडतात, झोप नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले, काही सापडलं नाही. इथल्या एका यात्रा कंपनीची जाहिरात तिनं कापून ठेवली होती. वाळवंटातल्या हॉटेलात आठ दिवस, तेलमालीश, वाफ, मातीचा लेप, वाळूस्नान, शुद्ध शाकाहारी जेवण, आणि उन्हाळ्यात गोरे लोक येत नाहीत म्हणून सगळं निम्म्या भावात. मास्तर माणसाला परवडेल असं. ती म्हणायची, लग्नाला अठरा वर्षं झाली, आपण तुळजापूरच्या पलीकडे गेलेलो नाही. मी टाळत होतो. तू येऊन गेलास आणि मला एकदम वाटलं की तीच जागा बरी. जिथं चारी दिशांना पाणी दिसत नाही अशी. तुला आठवतं का, भिगवणवरून एसटीनं जाताना मी नेहमी पाणी दिसणार नाही त्या बाजूला बसतो? तू एकदा हसला होतास, मास्तरला पाखरं बघायची हौस न्हाय म्हणून.

तर आम्ही गेलो. बारामतीहून बावीस जण, बसनं तीन दिवस. जैसलमेरच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की ते हॉटेल. पिवळ्या दगडाची बुटकी बैठी घरं, वर घुमट, मध्ये अंगण. आणि त्या अंगणात, सिद्धू, पोहायचा तलाव. निळ्या फरशीचा, काठोकाठ भरलेला. आमच्या खोलीचं दार नेमकं त्याच्यावर उघडत होतं. श्यामलाला केवढा आनंद झाला. मी तिला सांगितलं, पाण्यावरून ऊन डोळ्यांत येतं, पडदा लावून ठेव. आठ दिवस त्या खोलीचा पडदा आम्ही उघडला नाही.

पहिले चार दिवस चांगले गेले असं म्हणायला हवं. सकाळी तेलमालीश, मग लाकडी पेटीत बसवून वाफ. डोकं तेवढं बाहेर. आमच्यातला एक कापड दुकानदार त्या पेटीत बसून राजकारणावर बोलायचा आणि सगळे हसायचे. बायकांचा विभाग वेगळा होता. पहिल्या दिवशी श्यामला तिथून आली आणि आपल्या पायांकडे बघत बसली. विचारलं तर म्हणाली, त्या बाईनं माझे पाय मांडीवर घेऊन चोळले, जन्मल्यापासून माझे पाय कुणी असे हातात घेतले नव्हते. डोळे पुसत हसली. तिला इतकं सुखात मी पाहिलं नव्हतं, आणि मी दुसरीकडे बघायला लागलो. का ते पुढे सांगतो.

पाचव्या दिवशी वाळूस्नान होतं. हॉटेलच्या मागे उतारावर माणूस मावेल एवढे खड्डे केलेले. सकाळच्या उन्हानं वाळू तापते, फार तापायच्या आत ते उरकतात. खेताराम नावाचा साठीचा माणूस हे काम करायचा. ओल्या चादरीवर उताणं झोपवून त्यानं माझ्या अंगावर फावड्यानं वाळू ओढली. आधी पाय, मग पोट, मग हात, छातीवर बेतानं. मान आणि तोंड तेवढं मोकळं. डोक्यावर एक छत्री रोवली. म्हणाला, साब, पंधरा मिनट, हिलना मत, मैं नींबू-पानी लेके आया. आणि गेला. त्या खड्ड्यांच्या रांगेत त्या वेळी मी एकटाच होतो. बाकीच्यांचं आधी आटपलं होतं.

वाळू अंगावर असते तेव्हा जड वाटत नाही. हात हलवून पाहिला की कळतं. माझे हात हलले नाहीत. आधी मी हसलो. मग वाऱ्यानं छत्री कलली आणि ऊन सरळ तोंडावर आलं. मी डोळे मिटून घेतले. पंधरा मिनिटं झाली असतील, वीस झाली असतील. मी हाक मारली, खेतारामजी. कुणी आलं नाही. त्याच वेळी हॉटेलच्या बाजूनं पाण्याचा आवाज सुरू झाला. तलाव भरायला टँकर आला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त पाणी ऐकू येत होतं. आधी मोठी धार पडल्यासारखं, मग भरत गेल्यावर होतं तसं डबडब, जड. मी ओरडलो. श्यामला, म्हणून ओरडलो. वाळू घशाखाली सरकल्यासारखी वाटली. मी किती हाका मारल्या ते सांगता येणार नाही. नंतर मी हाका मारणं सोडून दिलं. मनात आलं, सांगून गेलाय, येईल. आणि ते शब्द मनात आले त्या क्षणी मला कळलं की हे माझे शब्द नाहीत. हे मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले आहेत, आणि एकोणीस वर्षं मी दार लावून ठेवलं होतं ते याच शब्दांना. मग त्या उन्हात, डोळे मिटलेले असताना, माझ्या उशाशी कुणीतरी उभं होतं. मी डोळे उघडले नाहीत. ओल्या लुगड्याचा वास येत होता. मास्तर, एवढंच ती म्हणाली. रागानं नाही. आलास का, असं विचारावं तशी.

खेताराम पळत आला तेव्हा अर्धा तास झाला होता. टँकरची नळी निसटली, सगळ्यांना तिकडे बोलावलं, तो अडकला. बिचारा हात जोडून पाया पडायला लागला. मी रडत होतो, आणि त्याला वाटलं त्याच्यामुळे. मॅनेजर आला, श्यामला धावत आली. त्यांनी वाळू बाजूला केली तरी मला उठता येईना.

आता ते सांगतो. अठ्ठ्याहत्तरचा श्रावण. मी तुमच्या वस्तीतल्या शाळेवर येऊन चार वर्षं झाली होती आणि तुमच्याच घरात एका खोलीत राहत होतो. साखरबाईनं, तुझ्या आईनं, मला चार वर्षं भाकरी घातली आणि भाड्याचा विषय काढला की कुत्र्याला हाकलावं तसं हाकललं. धरणाचं पाणी चढत होतं. कुरणं जाणार म्हणून तू मेंढरं घेऊन माणच्या बाजूला गेला होतास. जाताना मला म्हणालास, "मास्तर, आईकडं बघा. तिचा जीव त्या घरात अडाकलाय." सगळी वस्ती माळावर नव्या जागी आली होती. तुझी आई, सारजावहिनी आणि तुमचा तीन वर्षांचा समर्थ पत्र्याच्या खोपटात, मी शेजारी. वहिनी रोज सकाळी खडी फोडायच्या कामावर जायच्या, समर्थला पाठीशी बांधून.

त्या दिवशी मला इंदापूरला मुलगी बघायला जायचं होतं. श्यामलाच. सकाळी आई माझ्या दाराशी आली. म्हणाली, "मास्तर, लोकरीचं गाठोडं माळ्यावरच ऱ्हायलंय. सिद्धूच्या घोंगडीची लोकर हाय ती. मला पोचीव तिथवर." जुन्या घराकडे जाताना मधल्या ओघळीत तेव्हा गुडघाभर पाणी होतं. मी तिचा हात धरून तिला पलीकडे नेलं. गाठोडं माळ्याच्या आत सारलेलं होतं, वर मोडकी लाकडं रचलेली. ते निघायला वेळ लागणार होता आणि माझी दहाची एसटी होती. मी म्हटलं, आई, परत चला, उद्या येऊ. ती म्हणाली, "तू जा की. पोरगी बघून ये. मी काढती सावकास." मी तिला सांगितलं, दोनच्या आत येतो, रावजीची होडी घेऊन येतो, तोवर उंबऱ्यावरून हलू नका, ओघळीत एकट्या उतरू नका. तिनं मान हलवली. मी दोनदा सांगितलं, हलू नका. सिद्धू, तिला पोहता येत नव्हतं म्हणून सांगितलं. चांगल्यासाठी सांगितलं. पण सांगितलं मी.

इंदापुरात अकरा वाजता पोहे झाले. श्यामलाच्या वडिलांनी शाळेची, पगाराची चौकशी केली. साडेबाराची गाडी मला मिळत होती. ते म्हणाले, आता जेवूनच जा. मी नाही म्हणू शकलो असतो. माझ्या डोळ्यांसमोर घड्याळ होतं, भिंतीवर, अगदी समोर. पण आतल्या दाराच्या चौकटीत ती उभी होती, हिरव्या साडीत, आणि मला तिला आणखी एकदा बघायचं होतं. ती वाढायला येईल म्हणून मी पुन्हा थोडे पोहे मागून घेतले. जेवलो. पान खाल्लं. तिच्या भावानं बाग दाखवली. साडेतीनला होकार सांगितला आणि साडेचारच्या गाडीनं निघालो. गाडीत मी काय विचार करत होतो हे आठवतं तेव्हा अजून अंग चोरावंसं वाटतं. मी विचार करत होतो की म्हातारी केव्हाच घरी गेली असेल. फाट्यावर उतरून मी तिच्यासाठी पेढे घेतले.

पाणी चढलं होतं. आपल्याकडे थेंब पडला नव्हता, वरच्या बाजूला कुठेतरी कोसळलं असणार. ओघळ राहिलीच नव्हती, सगळं एक झालं होतं. रावजीनं होडी काढली तेव्हा दिवस कलला होता. तुझी आई उंबऱ्यावर उभी होती. उंबऱ्यावरच, सिद्धू. पाणी तिच्या छातीपर्यंत होतं. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातानं डोक्यावर लोकरीचं गाठोडं धरलेलं. मागची भिंत बसली होती, माळा पडला होता. आत जायला जागा नव्हती आणि बाहेर यायचं तिनं मनावर घेतलं नव्हतं. आम्ही तिला होडीत ओढलं. ओठ काळे पडले होते, दात वाजत होते. तिनं पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? "पोरगी कशी हाय?" मग ती म्हणाली, "लई हाका मारल्या मास्तर. मंग म्हनलं, सांगून गेलाय, यील." गाठोड्यातली लोकर कोरडी होती.

खोपटाशी आलो तेव्हा वहिनी नुकत्याच कामावरून परतल्या होत्या. माणसं जमली. ही कुठं गेली हुती, कुनी नेली, असा गलका झाला. मी तोंड उघडायच्या आत तुझी आई म्हणाली, "कुनी न्हेली न्हाय. मी माझी गेले." रावजीनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं. तो पुढे कधीच काही बोलला नाही, आणि आता तो राहिलाही नाही. त्या संध्याकाळी तिला ताप चढला. दुसऱ्या दिवशी मी इंदापूरहून डॉक्टर आणला, त्याला सांगितलं भिजल्यामुळे झालं. छातीत कफ भरला होता. वहिनी पाणी आणायला गेल्या तेव्हा आईनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सिद्धूला सांगू नगंस. लगीन ठरलंय तुझं. इघ्न नगं." चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. तू सहाव्या दिवशी पोचलास. तुझ्या पायांना माणदेशची लाल माती होती. तू मला विचारलंस, कसं झालं मास्तर, आणि मी म्हणालो, ताप आला. ते खोटं नव्हतं. गेली एकोणीस वर्षं मी त्या वाक्याच्या आडोशाला राहतोय.

नंतर काय झालं ते तुला माहीत आहे, पण मी काय पाहिलं ते मला लिहू दे. माणसं म्हणाली, म्हातारी एकटी गेली तवा सून कुठं हुती? वहिनी कामावर होत्या, तुमच्या सगळ्यांचं पोट त्या कामावर चाललं होतं. पण तुझ्या डोक्यात ते बसलं. दहाव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "तुला एक म्हातारी सांबाळता आली न्हाय." आणि तेराव्यानंतर गाडी जुंपून वहिनींना डाळजला त्यांच्या भावाकडे नेऊन सोडलंस. समर्थला ठेवून घेतलंस, तुझ्या बहिणीनं, आक्काबाईनं त्याला वाढवला. मी तिथंच होतो. मी तुझा मित्र म्हणून तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो. मार्गशीर्षात माझं लग्न झालं. तू मेंढरं विकून टाकलीस, कळसला जमीन केलीस, पुन्हा लग्न केलं नाहीस. दर वर्षी आमच्याकडे बाजरी घेऊन येत राहिलास, कारण तू म्हणायचास, माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मास्तर तिच्या उशाशी होता. त्या बाजरीच्या भाकऱ्या माझ्या घशाखाली कशा उतरल्या ते मलाच माहीत. आणि पोहे मी त्या दिवसानंतर कधी खाल्ले नाहीत. श्यामलाला वाटतं मला आवडत नाहीत.

तुझी आई मला दिसते, सिद्धू. उगाच भुताखेताचं बोलत नाही, मी विज्ञान शिकवणारा माणूस आहे. पण वर्ग चालू असतो, दुपारचे दोन वाजतात, आणि शेवटच्या बाकामागे ती उभी असते, गाठोडं डोक्यावर. पोरं वळून बघतात की सर कुठं बघतायत. म्हणून मी दोनचा तास घेत नाही, मुख्याध्यापकांना गुडघ्याचं कारण देऊन वेळापत्रक बदलून घेतलंय.

वाळूतून काढल्यावर मी खोलीत श्यामलाला सगळं सांगितलं. ती तेलाच्या बाटल्या आवरत होती.  मग तिनं एकच विचारलं. "दुसऱ्यांदा पोहे मी वाढले होते, का तुम्ही मागितले होते?" मी म्हटलं, मी मागितले. ती पलंगावर बसली. म्हणाली, "त्या दिवसाचं मी इराला किती कौतुकानं सांगत आले. तुझ्या बाबांचा पाय निघत नव्हता म्हणून." तिनं त्यानंतर मालीश घेतलं नाही, वाफ घेतली नाही. उरलेले तीन दिवस आणि परतीचा सगळा प्रवास ती माझ्याशी बोलली नाही. बसमध्ये दुसऱ्या बायकांजवळ बसली. मी तिला दोष देत नाही. जे तिच्या आयुष्यातलं सर्वांत गोड होतं, त्याच्या खाली काय पुरलेलं होतं ते तिला एका दुपारी कळलं.

बस पहाटेची पुणं सोडून सोलापूर रस्त्यानं भिगवणला आली. काही मंडळी तिथं उतरणार होती. श्यामला उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "उतरा. सारजा डाळजलाच असते ना?" एवढंच. आमच्या पिशव्या दुकानदाराच्या बायकोकडे देऊन आम्ही उतरलो. पहिल्यांदाच मी त्या पाण्याच्या बाजूनं चाललो, आणि ती माझ्या पुढे चालत होती.

वहिनी भावाच्या अंगणात बाभळीखाली कांदे निवडत होत्या. केस पांढरे झालेत. बोटं खरखरीत, उजव्या हाताचं एक नख गेलेलं. आम्हाला बघून उठल्या, पाणी दिलं, श्यामलासाठी गोणपाट टाकलं. मी उभाच राहिलो. वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं विसरलो होतो. म्हणालो, वहिनी, त्या दिवशी आई एकटी गेली नव्हती. त्यांचा हात थांबला नाही. कुजका कांदा त्यांनी वेगळा टाकला. म्हणाल्या, "ठावं हाय." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या म्हणाल्या, "आत्या गेली त्याच्या आदल्या सांजंला तिनं सांगितलं मला. समदं. उंबऱ्यावरनं हलू नगं म्हनून तुमी सांगून गेलता, त्ये बी. म्हनली, मास्तरचं लगीन हाय, पोरगा वंगाळ न्हाय, तू बोलू नगंस. त्याचं त्यो सांगंल." मग त्यांनी पुढचा कांदा उचलला. "म्हनून मी थांबले. ह्ये माणदेशातनं आलं तवा वाटलं, आता मास्तर सांगत्याल. दहाव्याला ह्ये मला बोललं, तुमी शेजारी उभं, तवा वाटलं आता सांगत्याल. मला गाडीत बसवली तवा तुमी गाडीमागनं फाट्यापतुर चालत आला. आठवतं का? मी मागं त्वांड करूनच बसले हुते. फाटा आला तरी तुमी काय बोलला न्हाय. तवा मी म्हनलं, बरं."

सिद्धू, त्या रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. रडली ती श्यामला. तिनं वहिनींचे दोन्ही हात धरले आणि कपाळ त्यांच्यावर टेकवून बसली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मी तिथं उभा होतो. मी विचारलं, तुम्ही सिद्धूला का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, "मी सांगितलं आसतं तर त्यांनी मानलं आसतं व्हय? आपली चुकी झाकाया मास्तरवर ढकलती म्हनलं आसतं. आन आत्याला सबूद दिला हुता." मग त्यांनी समर्थच्या ठरलेल्या लग्नाचं विचारलं. पत्रिका त्यांना आली नाही. आमच्याकडची पत्रिका मी पाहिली आहे, त्यात समर्थच्या आईच्या जागी नाव नाही, आणि तू एप्रिलमध्ये मला सांगून गेलास की हळदीला आक्का बसंल. मी वहिनींना म्हणालो की मी आत्ता, याच पावली, कळसला जातो आणि सिद्धूच्या तोंडावर सगळं सांगतो. त्या लगेच म्हणाल्या, "तोंडी नगं."

म्हणून हे पत्र आहे. "तोंडी नगं मास्तर," त्या म्हणाल्या. "तोंडी सांगितलं तर म्हनतील, लगीन आलं म्हनून बायकूनं मास्तरला पढीवलं. कागदावर लिवा. तुमच्या हातानं, आन खाली सही करा." त्यांनी दुसरं काही मागितलं नाही, परत यायचं म्हणाल्या नाहीत, हळदीचंही नाही. ते मी मागतोय. तू मला काय म्हणायचं ते म्हण, मी हळदीच्या दिवशी सकाळी कळसला येईन आणि मांडवाबाहेर उभा राहीन, हाकललंस तर माघारी जाईन. बाजरी इथून पुढे आणू नकोस. पण त्याच्या आधी डाळजला गाडी पाठव, नाही, पाठवू नकोस, स्वतः घेऊन जा. एकोणीस वर्षं ती बाई माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. आता हा कागद तुझ्या हातात आहे आणि तिला माहीत आहे की तो तुला मिळणार. आज ती तुझी वाट बघतेय.

तुझा म्हणवून घ्यावं की नाही हे तुझ्यावर सोडून,
तुझाच
नीळकंठ मास्तर

(वरचा सगळा मजकूर मी माझ्या हातानं, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर घडला तसा लिहिला आहे. वरची सही माझीच आहे.)